तीस सप्टेंबर ते दिवाळी : शाळा समितीवर निवडून जाणाऱ्यांसाठी

परभणी जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं असतं. पावसाळ्यात गाव, हिवाळ्यात फड. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा झाला की बिऱ्हाडं बांधायला सुरुवात होते आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याबरोबर मूलही जातं, कारण त्याला मागे ठेवायचं कुणाजवळ, हा प्रश्न सुटलेला नसतो.

आता याच्या शेजारी शाळेचं वर्ष ठेवून बघा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. ३० सप्टेंबर ही पटाची तारीख. त्या दिवशी पटावर असलेली आणि आधारशी जुळलेली मुलं धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार हे ठरतं. ऊसतोड मजुराचं मूल त्या दिवशी वर्गात असतं, मोजलं जातं, आणि तीन-चार आठवड्यांत कोपीवर, म्हणजे फडातल्या झोपडीवर, निघून जातं. पदं त्याच्या नावावर मंजूर होतात. शिकवणं त्याला जेमतेम निम्म्या वर्षाचं मिळतं.

हे मूल गावात राहावं म्हणून काहीतरी करण्याची जबाबदारी कागदोपत्री ज्या गटावर आहे, त्याचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. गावात ती दर दोन वर्षांनी निवडली जाते आणि बहुतेकांना तिची आठवण पंधरा ऑगस्टला खुर्च्या मांडताना होते. हा लेख त्या समितीवर उभं राहू इच्छिणाऱ्या आई-बापांसाठी आहे. समिती कशी बनते, पैसा कुठून येतो, काय करता येतं आणि काय येत नाही, हे एकेक करून पाहू.

आधी ही समिती आली कुठून ते. तुलनेसाठी बाहेरचं बघा : अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘स्कूल बोर्डा’ची थेट निवडणूक होते. उमेदवार जाहीरनामे काढतात, निवडून आलेलं मंडळ शिक्षणप्रमुखाची नेमणूक करतं, अंदाजपत्रक मंजूर करतं, अनेक राज्यांत शाळेसाठी करही बसवतं. आपल्याकडेही मंडळं होती. मुंबई प्रांतात १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा शाळा मंडळं आली. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, शिक्षणाचं माध्यम प्रामुख्याने उर्दू होतं, आणि गावच्या मराठी शाळेबद्दल गावकऱ्यांना विचारण्याची पद्धतच नव्हती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. तेव्हापासून खेड्यातली सरकारी शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. शहरांत नगरपालिकांची शिक्षण मंडळं होती. ती रद्द करणारा कायदा राज्याने २०१३ मध्ये केला. त्यामुळे आज शाळेपुरतं निवडून आलेलं, पालकांचं बहुमत असलेलं असं एकच ठिकाण उरलं आहे, ते म्हणजे शाळेची समिती.

जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, सदस्य निवडून जातात, हे खरंच. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांप्रमाणे परभणीतही प्रशासक आले आणि लोकनियुक्त शिक्षण समिती काही वर्षं अस्तित्वातच नव्हती. शाळेतल्या समित्या त्या काळातही कायम होत्या. त्यांनी दर महिन्याला बसायचं होतं, आणि ज्या बसल्या त्यांच्या शाळांना त्याचा उपयोग झाला.

समितीचा कायदेशीर पाया म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ सांगतं की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. राज्याने १७ जून २०१० च्या शासन निर्णयात तपशील भरला : बारा ते सोळा सदस्य, उरलेल्या पाव भागात स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला सदस्य, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि गावातला शिक्षणाची जाण असलेला माणूस, मुख्याध्यापक सचिव, अध्यक्ष पालकांमधूनच. शिवाय दोन विद्यार्थीही बसतात.

हे एका शाळेवर बसवून पाहू. समजा, सोनपेठ तालुक्यातल्या एका वाडीवर पहिली ते चौथीची शाळा आहे. मुलं बेचाळीस. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. बारा जणांची समिती केली तर नऊ पालक आणि बारांत किमान सहा बायका. बेचाळीसपैकी अठरा मुलं ऊसतोड घरांतली असतील, तर नऊ पालकांत चार तरी त्या घरांतले असायला हवेत. सगळी गाडी इथेच अडते. पालकसभा दिवाळीनंतर ठेवली तर ते चार पालक फडात असतात. सभेला जे हजर, त्यांच्यातून समिती होते, आणि ज्यांच्या मुलांसाठी समितीने सगळ्यात जास्त धडपडायचं तेच तिच्यात नसतात. म्हणून उमेदवाराची पहिली मागणी सभेच्या तारखेची असली पाहिजे. शाळा सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, माणसं गावात असताना सभा घ्या. ही मागणी लेखी द्या, मुख्याध्यापकांची पोच घ्या.

निवड शक्यतो एकमताने होते, नाहीतर हात वर करून. पॅनल, बॅनर, पक्षाचा झेंडा याचं इथे काम नाही. काही गावांत मात्र समिती म्हणजे ग्रामपंचायतीची रंगीत तालीम होते. त्याने शाळेचं फार नुकसान होतं, कारण हरलेला गट पुढची दोन वर्षं शाळेकडे फिरकत नाही. दुसरी एक गोष्ट मला अधिक खुपते. अध्यक्ष बाई निवडून येतात आणि बैठकीला त्यांचे यजमान येऊन बसतात. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, राज्याची ८२. स्त्रियांची त्याहून बरीच खाली. ‘तिला वाचता येत नाही’ हे कारण त्यामुळे सहज पुढे केलं जातं. पण डाळ पातळ आहे का, मुलींच्या संडासाला कडी आहे का, पोरगं घरी आल्यावर वही उघडतं का, हे तिला जेवढं माहीत असतं तेवढं यजमानांना नसतं. ठराव कुणीही वाचून दाखवू शकतं.

आता अधिकारांकडे येऊ. इथे स्पष्ट बोललेलं बरं, कारण उत्साहाच्या भरात उमेदवार नको ती वचनं देऊन बसतात. समितीला शिक्षक नेमता येत नाही, बदलता येत नाही, काढता येत नाही. बदल्या ऑनलाइन होतात, भरती पवित्र पोर्टलवरून. ‘मी आलो की गुरुजी बदलून आणतो’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला शासन निर्णय माहीत नाही. समिती करू शकते ती तीन कामं कायद्यातच लिहिली आहेत : शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेल्या अनुदानाचा खर्च पाहणं. खाजगी अनुदानित शाळेत तर, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, समिती फक्त सल्ला देते. झेडपीच्या शाळेत, मराठी माध्यमाची असो की उर्दू, तिला खरं काम आहे.

पैशांपासून सुरुवात करतो, कारण संशय तिथेच साचतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं : तीस मुलांपर्यंत वर्षाला दहा हजार, एकतीस ते शंभर पंचवीस हजार, एकशे एक ते अडीचशे पन्नास हजार, त्यापुढे हजार मुलांपर्यंत पंच्याहत्तर हजार, आणि हजाराच्या वर एक लाख. आपल्या बेचाळीस मुलांच्या शाळेला पंचवीस हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार त्र्याऐंशी रुपये. यात खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी, म्हणजे अडीच हजार. हे पैसे बहुधा उशिरा येतात, कधी मार्च तोंडावर आल्यावर, आणि मग आठ दिवसांत खर्च दाखवण्याची घाई होते. उपाय साधा आहे. जूनच्याच बैठकीत ठराव करून ठेवायचा : पैसा आला की आधी काय, मग काय. मग मार्चमध्ये आला तरी निर्णय जूनचा असतो आणि दुकानदार ठरवत नाही. खर्चाचा हिशोब शाळेच्या भिंतीवर लावायचा. अशा भिंतीसमोर उभं राहून कुणी उगाच आरोप करत नाही, आणि मुख्याध्यापकांच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं.

गणवेशाचं उदाहरण मुद्दाम सांगतो. मुलाला दोन गणवेश, एकाला तीनशे रुपये, असा दर होता आणि खरेदी समिती करायची. बेचाळीस मुलांचे पंचवीस हजार दोनशे. म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या अनुदानाएवढी रक्कम एका कपड्यावर. २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून ही खरेदी वरून करायची ठरवली, कापड एकदम घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे दिली. कपडे उशिरा पोचले, मापं चुकली, तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा समित्यांकडे सोपवली. पोराच्या खांद्याचं माप गावातल्या शिंप्याला घेता येतं, मुंबईत बसून घेता येत नाही. समितीच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण अधिकार परत आला म्हणजे जबाबदारीही आली. दोन-तीन दुकानांचे भाव घ्या, कापड हातात घेऊन पाहा, आणि उसाला जाणाऱ्या मुलांचे गणवेश आधी शिवून घ्या.

दुपारचं जेवण. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. बेचाळीस मुलं हजर असतील तर चार किलो दोनशे ग्रॅम. एवढं मोजायला तागडी पुरते. समितीच्या सदस्यांनी आळीपाळीने, आठवड्यातून एकदा, मुलांच्या आधी चव घ्यायची, चव नोंदवहीत सही करायची आणि त्या दिवशीची हजेरी व तांदळाची नोंद जुळते का ते पाहायचं. हे स्वयंपाकी बाईंवर पाळत ठेवण्यासाठी करू नका. त्या गावातल्याच असतात, तुटपुंज्या मानधनावर चुलीपुढे उभ्या राहतात. इंधन, पाणी, भांडी यांची अडचण त्यांच्याकडूनच कळते, आणि ती बहुतेकदा खरी असते.

आता त्या मुलाकडे परत येऊ. उसाला जाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडेच झोपतं. दुपारी पोषण आहार आणि बाकीची जेवणं वसतिगृहातून. ते चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची. क्रम असा. आधी समितीने घरोघर जाऊन यादी करायची : कोण जाणार, कधी जाणार, मागे कोण राहणार, मूल ठेवायला घरचे तयार आहेत का. मग ठराव, मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुढे मंजुरीला. या साखळीला आठवडे लागतात. यादी ऑक्टोबरमध्ये सुरू केली तर मंजुरी येईतो मूल फडात पोचलेलं असतं. म्हणून यादी ऑगस्टमध्येच करायची. मुकादमाची उचल कुणी घेतली हे गावात ऑगस्टपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. सरकारी सर्वेक्षणाला सापडत नाही ती माहिती समितीतल्या चार ऊसतोड पालकांच्या तोंडावर असते. त्यांना समितीत घ्यायचं ते यासाठीही.

आणि घरच्यांशी बोलणं. आई म्हणते, ‘म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, लेकीला कुठं टाकू?’ या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही. शेजारची कोण रात्री सोबतीला येईल, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेईल, हे समितीच्या बायकांनीच बसून ठरवावं लागतं. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून नेली जाते. धाकट्याची सोय अंगणवाडीत आणि आजीकडे लागली तर ती वाचते. अशा चार मुली थांबल्या तरी त्या वर्षीचं काम झालं असं मी समजेन.

जी मुलं जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं. हे कार्ड घेऊन ते मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. टोळी निघायच्या आदल्या दिवशी कार्ड आईच्या हातात द्या, आणि कारखान्याचं व मुकादमाचं नाव शाळेच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये मूल परतल्यावर शोधायला लागत नाही. परतलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, ही तरतूदही कायद्यात आहे. ती वापरली जात नाही, कारण मागत कुणी नाही.

शिकवण्याबद्दल समितीने काय बोलावं, असा प्रश्न येतो. पुष्कळ बोलावं. देशभर २०२१ पासून निपुण भारत अभियान चालू आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. हे तपासायला बी.एड. लागत नाही. दोन महिन्यांतून एकदा सदस्यांनी वर्गात बसावं आणि एकेका मुलाने चार ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. किती मुलं अडखळली, एवढाच आकडा लिहायचा, नावं नकोत. पुढच्या वेळी तो कमी झाला का बघायचं. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, त्यातले एक बैठकीला गेले की दुसऱ्यांकडे बेचाळीस मुलं. अशा वेळी गुरुजींना जाब विचारण्याआधी, ते शाळेबाहेर किती दिवस होते आणि कशासाठी, याची नोंद समितीने ठेवावी. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक याखेरीज दुसरं काम शिक्षकांना देता येत नाही, असं कलम २७ सांगतं. ही नोंद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलेली समिती गुरुजींची विरोधक ठरत नाही, त्यांच्या बाजूने उभी राहिलेली असते.

इमारतीसाठी शाळा विकास आराखडा. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. पट किती राहील, खोल्या किती लागतील, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकघर, कुंपण, ग्रंथालय. परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी पोरं बसू शकत नाहीत, आणि पावसाळ्यात तेच पत्रे गळतात. छताचं काम म्हणूनच पहिल्या ओळीत लिहा. खोलीचा पैसा समितीकडे नसतो. तो जिल्हा परिषद, समग्र शिक्षा आणि जिल्हा नियोजन समितीकडून येतो. पाणी आणि संडासासाठी मात्र ग्रामपंचायतीकडे जा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ च्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, तरी कितीतरी शाळांच्या टाक्या कोरड्या राहिल्या. शाळेचं काम गावाच्या विकास आराखड्यात यावं लागतं आणि त्यासाठी ग्रामसभेत बोलावं लागतं. सभेत कुणीतरी उठून सांगावं लागतं, आणि ते सांगणारं माणूस समितीचा अध्यक्ष असेल तर इतिवृत्तात नोंद होते.

ऐकलं नाही तर? कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची तक्रार कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी देऊ शकतो, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तिथेही समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

जिल्हा परिषदेला उभे राहणारे मतं मागायला येतील तेव्हा त्यांनाही हेच विचारा : आमच्या गटातल्या किती शाळांची हंगामी वसतिगृहं दिवाळीआधी सुरू झाली, आणि ती वेळेत सुरू व्हावीत म्हणून तुम्ही कुणाच्या कार्यालयात किती वेळा गेलात?

तुमच्या शाळेतल्या समितीची मुदत कधी संपते, हे उद्या मुख्याध्यापकांना विचारा. ती दिवाळीनंतर संपत असेल तर नवी पालकसभा ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी घ्यावी, असा अर्ज आजच द्या. आणि त्या सभेला शेजारच्या कोयत्यातल्या आईला हाताला धरून सोबत न्या.